रूममेटची चिलीम आणि तुझा व्हिसा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी टेक्ससमध्ये मास्टर्स करतोय, एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावर. आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहतो. त्यातला एक माझ्या जवळच्या मित्राचा मावसभाऊ, त्याच्याच ओळखीने मला ही जागा मिळाली. तो गांजा ओढतो. त्याचा काचेचा बाँग, म्हणजे पाण्यातून धूर ओढायचा पाइप, हॉलमध्ये टीव्हीखाली उघडाच असतो, गांजा चुरायचा ग्राइंडर किचनच्या ड्रॉवरमध्ये चमच्यांशेजारी. मी ओढत नाही. काही बोललं की म्हणतो, स्मोक शॉपमध्ये बिल देऊन घेतलंय, इल्लीगल असतं तर दुकान चाललं असतं का? आता मी डिसेंबरमध्ये घरी जाणार, तर म्हणतोय येताना मातीच्या दोन चिलमी आण, कोणी विचारलं तर शोपीस म्हणून सांग. मी कॉफीसाठी छोटा डिजिटल काटा वापरतो, आईने दिलेले मसाले छोट्या झिप पिशव्यांत भरून ठेवतो, आता त्याचीपण भीती वाटायला लागलीय. हे 'ड्रग पॅराफर्नेलिया' नक्की कशाला म्हणतात? आणि त्याला नाही कसं म्हणू? – अडकलेला

उत्तर:

चिलमी आणू नकोस. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल, पण हे आधी.

कारण अमेरिकेच्या फेडरल कायद्यात, टायटल 21 च्या कलम 863 मध्ये, ड्रग पॅराफर्नेलियाची, म्हणजे ड्रग्जसाठी लागणाऱ्या सामानाची, जी यादी आहे तिच्यात चिलीम चक्क नावानिशी आहे. पाइप, वॉटर पाइप, बाँग, आणि त्याच रांगेत आपली चिलीम. या कलमाने बंदी घातलीय ती विकण्यावर, टपाल-कुरिअरने पाठवण्यावर आणि देशात आणण्यावर किंवा देशाबाहेर नेण्यावर. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, दंड वेगळा. आता दोन मातीच्या चिलमींसाठी कोणी तुला आत टाकेल असं मला वाटत नाही, जप्त करतील आणि सोडतील अशीच शक्यता जास्त, पण तुझी अडचण जेलची नाहीच मुळी, तुझी अडचण आहे काउंटरपलीकडचा ऑफिसर, जो शांतपणे विचारणार की हे काय आहे, कोणासाठी आहे, तो काय ओढतो, तू ओढतोस का. आणि त्यावर 'शोपीस' म्हणायचं म्हणजे इमिग्रेशन ऑफिसरशी मुद्दाम खोटं बोलायचं, जे चिलमीपेक्षा कितीतरी मोठं लफडं आहे, त्यापायी व्हिसा कायमचा अडकू शकतो. दुसऱ्याच्या शौकासाठी एवढं? सिरियसली?

तो म्हणेल चिलमीत तंबाखूपण ओढतात. खरंय, ओढतात. आणि त्याच कलमात तंबाखूसाठी परंपरेने वापरल्या जाणाऱ्या पाइप, कागद वगैरेंना सूटपण आहे, नेहमीच्या कायदेशीर धंद्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूंना. पण ज्या कायद्याने चिलीम नाव घेऊन यादीत टाकलीय त्याच कायद्याखाली ती सूट मागायची म्हणजे वकील लावून कोर्टात भांडायचं काम आहे, एवढा लांबचा प्रवास करून कस्टम्सच्या लाइनीत उभं राहिल्यावर करायचं काम नाही ते.

आता व्याख्येकडे येऊ. लोकांना वाटतं पॅराफर्नेलिया म्हणजे काही ठरावीक वस्तू, त्या असल्या की गुन्हा, नसल्या की सुटलो. तसं नाहीये. कायदा वस्तूकडे बघतोच, पण त्याहून जास्त बघतो ती कशासाठी आहे याकडे. फेडरल व्याख्या साधारण अशी की नियंत्रित अमली पदार्थ बनवायला, लपवायला, तयार करायला किंवा टोचून, गिळून, हुंगून, ओढून शरीरात घ्यायला जे सामान मुख्यत्वे त्यासाठीच बनवलंय किंवा त्यासाठीच आहे, ते. ही 'मुख्यत्वे'वाली अट महत्त्वाची. तिच्यामुळेच घरातला साधा आरसा किंवा ब्लेड आपोआप यात येत नाही.

मग उदाहरणांची यादी येते, आणि ती वाचायला खरंच मजेशीर आहे, कुणीतरी एखादं स्मोक शॉप अख्खं फिरून टिपून काढल्यासारखी. धातूचे, लाकडी, काचेचे, दगडी, सिरॅमिकचे पाइप, जाळी असलेले आणि नसलेले. बाँग. धूर थंड करून ओढायचे आइस पाइप. इलेक्ट्रिक पाइप. रोच क्लिप, म्हणजे जॉइंट (गांजाची सिगरेट) ओढून ओढून एवढा आखूड झाला की बोटात धरता येत नाही तेव्हा धरायचा चिमटा, आणि हे मी नाही सांगत, कायद्यातच असं समजावून लिहिलंय. तार घातलेले सिगरेट पेपर. कोकेनचं फ्रीबेस किट, म्हणजे कोकेन ओढण्याजोगं करायचं सामान. आणि सगळ्यात भारी म्हणजे छोटे चमचे, ज्यात सपाट भरून एक दशांश घन सेंटिमीटर किंवा त्याहून कमी मावतं ते. चमचा नाकाशी नेण्यासाठी आहे की चहात ढवळण्यासाठी हे ठरवायला त्यांनी थेट मापच लिहून टाकलं.

पण यादी हा सोपा भाग. खरा पेच आहे दोन्हीकडे वापरता येणाऱ्या वस्तूंचा, आणि तुझा काटा नि पिशव्या तिथेच बसतात. यासाठी फेडरल कायदा म्हणतो की आजूबाजूचं बघा: वस्तूसोबत वापराच्या सूचना काय दिल्यात, जाहिरात कशी केलीय, दुकानात मांडलीय कशी, विकणारा खरंच तंबाखूचा परवानाधारक व्यापारी आहे का, त्याच्या एकूण धंद्यात या मालाचा वाटा किती, लोकांमध्ये त्या वस्तूचा कायदेशीर वापर कितपत आहे, आणि तज्ज्ञ काय सांगतात. म्हणजे तीच वस्तू एका दुकानात निर्दोष आणि दुसऱ्यात गुन्हा असं होऊ शकतं. 1982 मध्ये इलिनॉयमधल्या हॉफमन इस्टेट्स गावाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. गावाने नियम केला की ड्रग्जसाठी डिझाइन केलेल्या किंवा तशा मार्केट केलेल्या वस्तू विकायच्या तर लायसन्स घ्या आणि गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता लिहून ठेवा. गाण्यांच्या रेकॉर्ड्स, दागिने आणि सोबत पाइप विकणारं एक दुकान भांडायला गेलं की हा नियम मोघम आहे, आम्हाला कळणार कसं. कोर्टाने नियम टिकवला. पुढे 1994 मध्ये आयोवातल्या एका दुकानाच्या केसमध्ये कोर्टाने अजून स्पष्ट केलं की दुकानदार मनात काय धरून बसलाय हे नाही, तर गिऱ्हाईक साधारणपणे ती वस्तू कशासाठी वापरणार हे बघायचं, मात्र दुकानदाराला ते माहीत असायला हवं. कोणत्या गिऱ्हाइकाने काय केलं एवढं खोलात माहीत असायची गरज नाही.

म्हणून 'फक्त तंबाखूसाठी' अशी पाटी लावलेली दुकानं दिसतात ना, ती पाटी शोभेची नाहीये, ती पाटी म्हणजे दुकानदाराचा बचाव आहे. तो बचाव दुकानदाराचा आहे, तुझ्या रूममेटचा नाही. दुकानातून बिल घेऊन आणलेला बाँग कोरा असेपर्यंत एक वेळ काचेची वस्तू म्हणता येईल, पण त्यात गांजा ओढल्यावर, आत काळा चिकट थर बसल्यावर, वास येत असताना बिल दाखवून काय उपयोग? बाकी दुकानदारांचा बचावसुद्धा नेहमी चालतो असं नाही. 2003 मध्ये फेडरल सरकारने 'ऑपरेशन पाइप ड्रीम्स' नावाची मोठी मोहीम काढली होती, त्यात कॉमेडियन टॉमी चाँग काचेचे बाँग इंटरनेटवर विकल्याबद्दल 9 महिने जेलमध्ये जाऊन आला. म्हातारा माणूस, विनोदी नट, पहिलाच गुन्हा. तरी गेला.

आता हा सगळा झाला फेडरल कायदा, जो मुळात विकणाऱ्यांसाठी आणि आणणाऱ्यांसाठी आहे, नुसतं जवळ बाळगणं त्यात गुन्हा नाही. बाळगण्याचं काम राज्यं बघतात. 1979 मध्ये ड्रग्जविरोधी केंद्रीय खात्याने, म्हणजे ड्रग एन्फोर्समेंट अॅडमिनिस्ट्रेशनने एक नमुना कायदा लिहून दिला होता, त्यावरून बहुतेक राज्यांनी आपापले कायदे केले, आणि तो नमुना फेडरल यादीपेक्षा खूप लांबलचक आहे. त्यात झाड लावायच्या किटपासून सुरुवात होते, मग वजनकाटे, चाळण्या, ब्लेंडर, ड्रग्जमध्ये भेसळ करायला लागणारी मॅनिटॉल-लॅक्टोजसारखी पूड, माल भरायला कॅप्सूल, फुगे, पाकिटं, टोचायला सिरिंज, असं सगळं. अगदी माल तपासायचं सामानसुद्धा. आणि त्यामुळे पुढे एक विचित्र प्रकार झाला, गोळीत फेंटनिल हे अगदी थोड्या मात्रेतही जीव घेणारं ड्रग आहे का हे ओळखायच्या कागदी पट्ट्या, ज्या जीव वाचवतात, त्या कित्येक राज्यांत पॅराफर्नेलिया ठरल्या. बऱ्याच राज्यांनी अलीकडे कायदा बदलून त्यांना वगळलं. मिनेसोटाने तर 2023 मध्ये पॅराफर्नेलिया बाळगणं हा गुन्हाच काढून टाकला. फ्लोरिडात त्याच गोष्टीला वर्षभरापर्यंत जेल आहे. त्यामुळे 'माझ्या मित्राकडे कॅलिफोर्नियात चालतं' हे टेक्ससमध्ये कुणाला सांगायला जाऊ नकोस.

टेक्ससचं सांगते. वापरणं किंवा वापरायच्या हेतूने बाळगणं हा क्लास सी मिसडिमिनर, म्हणजे सगळ्यात किरकोळ वर्गातला गुन्हा, 500 डॉलरपर्यंत दंड, जेल नाही. देणं किंवा विकणं मात्र क्लास ए, तिथे 1 वर्षापर्यंत जेल. 'देणं' हा शब्द लक्षात ठेव आणि चिलमीचा विषय पुन्हा एकदा आठव. आणि सामान वेगळं, माल वेगळा. डबीत दोन चिमटी गांजा सापडला तर तो वेगळा गुन्हा, क्लास बी, 180 दिवसांपर्यंत. वेप पेन असेल त्याच्याकडे तर अजून सांभाळून, कारण गांजापासून काढलेलं टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचं, कॉन्सन्ट्रेट टेक्ससमध्ये गांजा धरत नाहीत, ते 1 ग्रॅमपेक्षा कमी असलं तरी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, होऊ शकतो. लोकांना वाटतं पेन म्हणजे सगळ्यात सोज्वळ प्रकार. उलटं आहे.

तुझा काटा आणि मसाल्याच्या पिशव्या यांचं टेन्शन घेऊ नकोस. हेतू सिद्ध करावा लागतो, आणि काट्याशेजारी कॉफीच्या बिया, पिशवीत हळद-गोडा मसाला, त्यावर आईच्या अक्षरातलं लेबल, यातून काय हेतू काढणार? डायबेटिस असलेल्या माणसाची इन्सुलिनची सिरिंज जशी निर्दोष तसाच तुझा काटा. फक्त तो त्या ग्राइंडरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस आणि रूममेटला 'जरा दे रे' म्हटल्यावर देऊ नकोस. शेजारी काय पडलंय यावरच हा कायदा चालतो हे मघाशी सांगितलंच. काट्यावर हिरवा चुरा दिसला की तो कॉफीचा काटा राहत नाही. आजच काढ आणि तुझ्या खोलीत ने.

हॉलमधल्या बाँगचं काय, तो तुझ्यावर येईल का? एकाच घरात राहतोस एवढ्यावर तू दोषी ठरत नाहीस, वस्तूची माहिती होती आणि ती तुझ्या ताब्यात होती हे दाखवावं लागतं, टेक्ससची कोर्टं त्यासाठी तुला त्या वस्तूशी जोडणारे धागे शोधतात, जसं की ती कुठे होती, जवळ तुझे कागद होते का, वास येत होता का, तू काय बोललास. तुझ्या बंद खोलीत काही नाही हे तुझ्या बाजूने, पण टीव्हीखाली सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवलेली वस्तू मला माहीत नव्हती असं तू म्हणू शकत नाहीस. शिवाय पोलिस दारात आले आणि घरात असलेल्या एकाने 'या, बघा' म्हटलं की सामाईक हॉल बघायला तेवढं पुरतं. दारात हजर असलेल्या दुसऱ्याने साफ नाही म्हटलं तर वॉरंट लागतं, पण तू तेव्हा लायब्ररीत असशील.

आणि आता मुद्द्याचं, ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं. अमेरिकन पोरांसाठी 500 डॉलरचं हे तिकीट म्हणजे डोक्याला ताप, बाकी काही नाही. ऑनलाइन भरतात आणि विसरतात. तू तसं करू शकत नाहीस. दंड भरून टाकणं म्हणजे बहुतेक वेळा गुन्हा कबूल करणं किंवा विरोध न करणं, आणि त्याने कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी असल्याचा शिक्का, लागतं. 'डिफर्ड' (निकाल पुढे ढकललेला) वगैरे गोड नावाखाली केस मिटवली तरी इमिग्रेशन कायदा त्याला कन्व्हिक्शन धरू शकतो, कबुली आणि काहीतरी शिक्षा किंवा बंधन असलं की त्यांना पुरतं. शिवाय व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रश्न अटकेचापण असतो, नुसत्या शिक्षेचा नाही.

एक केस सांगते, ती नीट वाच. 'मेलूली विरुद्ध लिंच', 2015, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट. ट्युनिशियाचा मुलगा, 2004 मध्ये तुझ्यासारखाच स्टुडंट व्हिसावर आला, गणितात आणि अर्थशास्त्रात मास्टर्स केलं, युनिव्हर्सिटीत शिकवलं, ग्रीन कार्ड मिळालं. 2010 मध्ये कॅन्ससमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात धरला गेला आणि त्याच्या मोज्यात चार नारिंगी गोळ्या सापडल्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या एका नियंत्रित औषधाच्या, म्हणजे अॅडरॉलच्या. त्याने शेवटी पॅराफर्नेलियाचा छोटा गुन्हा कबूल केला. आणि पॅराफर्नेलिया काय, तर मोजा! पायातला मोजा, कारण गोळ्या त्यात लपवल्या होत्या. जेलसुद्धा प्रत्यक्षात नाही, स्थगित शिक्षा आणि प्रोबेशन, म्हणजे ठरावीक काळ देखरेखीखाली राहणं. पण त्या कबुलीवर सरकारने त्याला 2012 मध्ये देशाबाहेर काढलं. तीन वर्षांनी सुप्रीम कोर्ट 7 विरुद्ध 2 मतांनी म्हणालं की हे चुकलं, त्याची शिक्षा फेडरल सरकारच्या नियंत्रित ड्रग्जच्या यादीतल्या एखाद्या ड्रगशी जोडलेली आहे हे सरकारने दाखवलेलं नाही, आणि कॅन्ससच्या यादीत तर फेडरल यादीत नसलेले पदार्थसुद्धा होते. तो जिंकला, पण तीन वर्षं बाहेर काढून.

यावरून कोणी तुला म्हणेल की बघ, पॅराफर्नेलियाने डिपोर्ट होत नाही. तसं नाहीये ते. राज्याची यादी काय, तुझ्या केसमध्ये ड्रगचं नाव लिहिलंय का, यावर सगळं फिरतं, आणि हे इमिग्रेशनचा वकीलच सांगू शकतो, मी नाही आणि तुझा सीनियरपण नाही. म्हणून कधी तिकीट मिळालंच तर काहीही भरू नकोस, सही करून कोर्टाची तारीख घे, ती पाळ, आणि त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत विद्यार्थ्यांसाठी फुकट किंवा स्वस्त कायदेशीर मदत असते, आधी तिथे विचार. फौजदारी वकील घेतलास तर पहिल्याच वाक्यात सांग की मी व्हिसावर आहे, 2010 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे कबुलीने डिपोर्ट व्हायचा धोका असेल तर ते सांगणं त्या वकिलाचं कर्तव्य आहे. आणि पोलिसांशी खोटं बोलायचं नाही, पण वकिलाशिवाय बडबडपण करायची नाही. 'मी कधीतरी एक-दोनदा ओढलाय' असं मोठेपणाने सांगायची आपल्या पोरांना फार हौस, पण परक्या नागरिकासाठी अशी कबुलीच कधी कधी शिक्षेइतकी महाग पडते, केस न होतासुद्धा.

राहिलं त्याला नाही म्हणणं. मला कळतंय, मित्राचा मावसभाऊ, जागा त्याच्या ओळखीने मिळाली, म्हणजे आपल्याकडे ते एक कर्जच असतं. पण तू त्याच्या गांजावर भाषण द्यायला जाऊ नकोस, तो त्याचा प्रश्न आहे आणि भाषणाने कोणी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. चिलमीबद्दल एकच वाक्य: "अरे, मी नाही आणणार, बॅग माझी आहे आणि व्हिसापण माझा आहे." बास. कारणं देत बसलास की तो प्रत्येक कारणावर तोडगा काढेल, कपड्यात गुंडाळ, आईच्या बॅगेत टाक, असले. आणि त्याने ही मागणी व्हॉट्सअॅपवर केली असेल तर उत्तरपण तिथेच लेखी दे, स्पष्ट 'नाही', हसरा इमोजी न टाकता, कारण बॉर्डरवर फोन बघू शकतात आणि 'बघतो रे, जमलं तर' हे तिथे फार वाईट दिसतं.

हॉलबद्दल तिसऱ्या रूममेटला सोबत घे, तो काय म्हणतो ते तू लिहिलेलं नाहीस, पण बहुतेक तोपण व्हिसावरच असेल आणि तोपण गप्प बसला असेल. दोघांनी मिळून सांगा की हॉल आणि किचन सगळ्यांचं आहे, तिथे यातलं काही दिसायला नको, तुझ्या खोलीत दार लावून काय ते कर. मेंटेनन्सवाला एसी बघायला आला आणि त्याने ऑफिसला सांगितलं तर लीज तिघांची आहे, नोटीस तिघांना येईल, हे त्याला लगेच कळेल, गांजाचा कायदा कळणार नाही कदाचित.

नाहीच ऐकलं तर जागा बदल. मित्राला तू आधी स्वतः फोन करून सांग, मावसभावाकडून उलटसुलट कळायच्या आत. आणि निघण्याआधी लीज काढून वाच, कारण तिघांच्या सह्या एकाच कागदावर असतील तर तू गेलास तरी भाडं तुझ्या नावावर चालू राहतं. अपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन नाव काढायचं कसं किंवा तुझ्या जागी दुसरा कसा आणायचा ते विचार, त्याचा फॉर्म आणि फी असते, आणि ऑफिसने नाव काढल्याचा कागद हातात आल्याशिवाय चावी परत करू नकोस.